कमानीतला फुगा: छाती उघडायची की जांघेतून ग्राफ्ट टाकायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील 68 वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर म्हणून त्यांची हयात गेली. बिडी अजून सुटलेली नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे. चार महिने आवाज बसला म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलात. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं तर डावी व्होकल कॉर्ड हलत नव्हती, म्हणून त्यांनी छातीचा सीटी करायला लावला. त्यात महाधमनीच्या कमानीवर, डाव्या हाताकडे जाणारी धमनी जिथून निघते तिथे, 5.9 सेंटिमीटरचा पिशवीसारखा फुगा सापडला. किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, क्रिएटिनिन, 1.6 म्हणजे वाढलेली आहे. पुण्यातले एक सर्जन छाती उघडून कमान बदलू म्हणतात, दुसरे जांघेतून स्टेंट ग्राफ्ट टाकून चार दिवसांत घरी पाठवू म्हणतात. दोघांत बरोबर कोण, जांघेतून होत असेल तर छाती का उघडायची आणि हे सोलापुरात का होत नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करतो. कमानीचे पेशंट मी मोठ्या केंद्रात पाठवतो आणि ऑपरेशननंतरची त्यांची तपासणी इथे माझ्याकडे होते. वडिलांचा सीटी मी पाहिलेला नाही, त्यामुळे जे लिहितोय ते निर्णय कसा होतो याबद्दल आहे. निर्णय त्यांना तपासणाऱ्यांनीच घ्यायचा.

आधी आवाजाचं सांगतो, कारण घरचे लोक त्याला किरकोळ तक्रार समजतात. डाव्या व्होकल कॉर्डची नस मानेतून थेट स्वरयंत्रात जात नाही. ती छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते. कमानीला फुगा आला की ही नस ताणली जाते, दबते, आणि आवाज घोगरा होतो. याचा अर्थ फुगा आता शेजारच्या अवयवांना ढकलू लागलाय. सीटीत सहज सापडलेला, काहीच त्रास न देणारा फुगा असेल तर आपण साधारण 5.5 सेंटिमीटरपर्यंत थांबून, मोजत राहून चालतं. लक्षण दाखवणाऱ्या फुग्याला तो नियम लागत नाही. त्यातही पिशवीसारखा, एका बाजूला आलेला फुगा हा सगळीकडून सारख्या फुगलेल्या धमनीपेक्षा कमी भरवशाचा. म्हणून ‘सहा महिन्यांनी बघू’ असं जर कोणी नातेवाईक सुचवत असेल तर ते ऐकू नका. वेळ आठवड्यांत मोजायची आहे.

आता मूळ प्रश्न. ‘चीर मोठी की लहान’ असा हा पेच तुमच्यासमोर मांडला गेलाय, पण सर्जन ज्यावर अडतो ते वेगळंच आहे. ग्राफ्टला टेकायला निरोगी धमनी किती उरलीय, आणि ती जागा मिळवण्यासाठी मेंदूकडे जाणाऱ्या कोणत्या फांद्या झाकाव्या लागतील, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

हृदयातून निघालेली महाधमनी वर चढते, वळते आणि पाठीच्या कण्याशेजारून खाली उतरते. त्या वळणाला आपण कमान म्हणतो. कमानीच्या माथ्यावरून तीन फांद्या निघतात: पहिली उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त देणारी, दुसरी डावी कॅरोटिड, तिसरी डावी सबक्लेव्हियन, म्हणजे डाव्या हाताची. स्टेंट ग्राफ्ट म्हणजे धातूच्या जाळीवर शिवलेली कापडी नळी. ती घडी करून जांघेतल्या धमनीतून वर न्यायची, फुग्याच्या जागी उघडायची, म्हणजे रक्त नळीतून वाहतं आणि फुग्यावरचा दाब संपतो. पण हे तेव्हाच, जेव्हा नळीची वरची आणि खालची दोन्ही टोकं निरोगी धमनीवर घट्ट बसतात. त्यासाठी साधारण 2 सेंटिमीटर जागा हवी. आपल्या जिल्ह्यात बोअर घेतलेल्या प्रत्येकाला हे कळेल: केसिंग पाइप पक्क्या खडकात बसला तर वरचा गाळ आत येत नाही, मुरमातच थांबला तर कडेने येतच राहतो.

वडिलांच्या बाबतीत खालच्या टोकाची चिंता बहुधा नाही. अडचण वरच्या टोकाची आहे. फुगा तिसऱ्या फांदीच्या तोंडाशीच आहे, म्हणजे 2 सेंटिमीटर मिळवायला ग्राफ्ट त्या फांदीवरून पुढे न्यावा लागणार. दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीमधलं अंतर बहुतेकांत सेंटिमीटरभरच असतं. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरी फांदीही झाकावी लागेल, आणि ती तर थेट मेंदूची. सगळं गणित या मिलिमीटरांचं आहे. दोन सर्जननी दोन मतं दिली याचं कारणही कदाचित इथेच असेल. एकाला ती जागा पुरेशी वाटली, दुसऱ्याला नाही. दोघंही प्रामाणिक असू शकतात.

तिसरी फांदी झाकली तर काय बिघडतं? हात सहसा काळा पडत नाही, आजूबाजूच्या वाहिन्यांतून त्याला रक्त पोचतं. पण याच फांदीतून डावी व्हर्टेब्रल धमनी निघते, जी मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवते, आणि मज्जारज्जूच्या पुरवठ्यालाही हातभार लावते. ज्यांची हृदयाची बायपास झालीय आणि याच फांदीतून निघणारी छातीच्या आतली डावी धमनी हृदयाला जोडलीय, त्यांच्यात ही फांदी झाकणं म्हणजे हृदयाचा पुरवठा तोडणं. डायलिसिससाठी डाव्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला असेल तर त्याचाही पुरवठा तसाच तुटतो. वडिलांची बायपास झालेली नाही असं तुम्ही लिहिलंय, तरीही घाई नसलेल्या ऑपरेशनमध्ये या फांदीला आधी दुसरीकडून रक्त द्यायचं, हा मी योग्य मानतो तो रस्ता. त्यासाठी गळपट्टीच्या हाडाच्या वर डाव्या बाजूला छोटी चीर घेऊन डाव्या कॅरोटिडपासून सबक्लेव्हियनला कृत्रिम नळीचा बायपास करतात. मग त्याच बैठकीत किंवा काही दिवसांनी जांघेतून ग्राफ्ट. म्हणजे ‘फक्त जांघेतून’ असं तुम्हाला सांगितलं असेल तर गळ्यातल्या या टप्प्याचं काय ठरलंय ते स्पष्ट विचारा.

दुसरी फांदीही झाकायची वेळ आली तर उजव्या कॅरोटिडपासून डाव्या कॅरोटिडपर्यंत मानेतून आणखी एक बायपास लागतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी इथे विशेष सावध राहीन. त्यांची डावी व्होकल कॉर्ड आधीच निकामी आहे. उजव्या मानेत काम करताना तिथल्या व्हेगस नसेला, जिच्यातून उजव्या कॉर्डची फांदी निघते, नुसता ताण बसला तरी दोन्ही कॉर्ड मधोमध अडकू शकतात. तसं झालं तर प्रश्न आवाजाचा उरत नाही, श्वासाचा होतो, आणि गळ्याला छिद्र पाडून नळी टाकायची वेळ येऊ शकते. ऑपरेशन करणाऱ्यांना हे माहीत असतंच, पण कॉर्डचा रिपोर्ट वेगळ्या फाइलमध्ये राहून जातो. तो दुर्बिणीचा रिपोर्ट सर्वांत वर ठेवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही तोंडी सांगा.

मानेतले बायपास टाळायचे दुसरे मार्गही आहेत. ग्राफ्टच्या शेजारून फांदीत समांतर छोटा स्टेंट ठेवायचा, याला चिमणी पद्धत म्हणतात. तातडीच्या वेळी ती कामाला येते, पण दोन नळ्यांच्या मधल्या फटीतून रक्त झिरपत राहण्याचा दोष तिच्यात आहे. ग्राफ्टला भोक ठेवून किंवा मुळातच फांदी असलेला ग्राफ्ट वापरूनही करतात. अमेरिकेत कमानीसाठी एका फांदीच्या अशा ग्राफ्टला मे 2022 मध्ये मान्यता मिळाली. छातीतल्या सरळ धमनीच्या ग्राफ्टला तिथे 2005 मध्येच मिळाली होती. मधली 17 वर्षं का लागली हे लक्षात घ्या. छातीतल्या धमनीत पहिला ग्राफ्ट 1987 मध्ये खारकिव्हमध्ये निकोलाय वोलोदोस यांनी टाकला, पोटातल्या महाधमनीत 1990 मध्ये ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी. सरळ भागात तंत्र लवकर रुळलं. कमानीत वळण आहे, प्रत्येक ठोक्याला हलणारी धमनी आहे आणि मेंदूच्या वाटा आहेत. पेशंटच्या मापाचा ग्राफ्ट बनवून घ्यायचा तर कित्येक आठवडे जातात, आणि वडिलांच्या फुग्यासाठी तेवढं थांबणं मला पटत नाही.

आता छाती उघडण्याबद्दल. हे जुनाट ऑपरेशन आहे असं समजू नका. छातीचं हाड मधून कापून, हार्ट-लंग मशीनवर घेऊन, शरीर थंड करून, काही काळ शरीराचा रक्तप्रवाह थांबवून कमान कापडी नळीने बदलतात. त्या वेळात मेंदूला वेगळ्या वाटेने, बहुधा उजव्या काखेतल्या धमनीतून, रक्त देत राहतात. ऑपरेशन मोठं आहे, पण एकदा पार पडलं की टिकाऊ आहे. पेशंट तरुण असेल, मार्फानसारखा धमनीच्या भिंतीचाच जन्मजात आजार असेल किंवा कमानीच्या आधीचा चढता भागही फुगलेला असेल तर मी स्वतः हेच सुचवतो. चढता भाग 4 सेंटिमीटरच्या वर असेल तर ग्राफ्टचं टोक तिथल्या कमकुवत भिंतीला फाडू शकतं आणि ती फाट मागे हृदयाकडे जाते. हे क्वचित होतं, पण झालं तर तातडीने छाती उघडावीच लागते.

वडिलांचं वय, बिडीने थकलेली फुप्फुसं आणि 1.6 क्रिएटिनिन पाहता माझा कल गळ्यातला एक बायपास आणि मग ग्राफ्ट याकडे झुकतो. अटी दोन: दुसरी फांदी न झाकता 2 सेंटिमीटर निरोगी जागा मिळाली पाहिजे आणि चढती महाधमनी धड असली पाहिजे. तसं नसेल तर फुप्फुसाची तपासणी आणि हृदयाची इको नीट आल्यावर छाती उघडणाऱ्या सर्जनचं म्हणणं गांभीर्याने घ्यावं लागेल. चीर लहान म्हणून धोका लहान, असं कमानीत होत नाही. ग्राफ्ट वर नेताना धमनीच्या भिंतीवरचा चुरा सुटून मेंदूत गेला तर लकवा होतो, आणि बिडी ओढणाऱ्यांच्या कमानीत असा चुरा भरपूर असतो. म्हणून पक्के हात ग्राफ्टमधली हवा नीट काढून टाकतात, तारा कमीत कमी फिरवतात, आणि ग्राफ्ट उघडायच्या क्षणी हृदयाला काही सेकंद इतकं वेगाने चालवतात की दाब खाली येतो आणि रक्ताच्या धक्क्याने ग्राफ्ट सरकत नाही.

मज्जारज्जूला रक्त कमी पडून पाय लुळे पडण्याचा धोकाही सांगितला जाईल. तो लांब ग्राफ्ट टाकतात तेव्हा, किंवा पोटातल्या महाधमनीचं ऑपरेशन आधी झालेलं असताना जास्त असतो. वडिलांना बहुधा छोटा ग्राफ्ट पुरेल आणि सबक्लेव्हियन वाचवली तर हा धोका आणखी कमी होतो.

एक गोष्ट कुणी विचारली नसेल तर तुम्ही विचारा: हा फुगा जंतुसंसर्गाचा तर नाही ना? आपल्याकडे कमानीवर पिशवीसारखा फुगा दिसला की मी ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, पूर्वीचा टीबी याची चौकशी करतो आणि ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या) आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची) या रक्ततपासण्या करून घेतो. संसर्ग झालेल्या भिंतीत कापडी ग्राफ्ट ठेवला तर जंतूंना कायमचं घर मिळतं, आणि उपचाराची सगळी आखणी बदलते. वडिलांचं वजन चार महिन्यांत घटलंय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

सीटीबद्दल. तुमचा सीटी आवाजाच्या तक्रारीसाठी काढलेला, फक्त छातीचा आहे. ऑपरेशन ठरवायला तो पुरत नाही. मानेपासून जांघेपर्यंत सीटी अँजिओ हवा, पातळ कापांचा, 1 मिलिमीटरच्या आसपास. मान यासाठी की मेंदूकडे जाणाऱ्या चारही वाहिन्या (दोन कॅरोटिड, दोन व्हर्टेब्रल) उघड्या आहेत का आणि व्हर्टेब्रल कोणत्या बाजूची मोठी आहे ते कळतं. जांघ यासाठी की ग्राफ्टची नळी 7 ते 8 मिलिमीटर जाड असते आणि बिडी ओढणाऱ्यांच्या पोटाखालच्या धमन्या अनेकदा चुन्याने आकसलेल्या असतात. वाटच अरुंद असेल तर ‘जांघेतून’ हा पर्याय तिथेच अडतो किंवा पोटाच्या खालच्या बाजूने वेगळी वाट करावी लागते. क्रिएटिनिन 1.6 असताना डाय, म्हणजे सीटीत वाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून सोडायचं औषध, देताना आधी आणि नंतर सलाइन, आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारून बंद. पुण्याला जाताना फिल्मच्या पिशव्या नेऊन उपयोग नाही, मापं त्यावरून घेता येत नाहीत. सेंटरमधून सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या.

सोलापुरात का नाही, हे तुम्ही थोड्या दुखावल्या मनाने विचारलंय असं वाटलं. कॅथलॅब इथे आहेत, हृदयाची ऑपरेशनं होतात, आणि पाठीकडच्या सरळ महाधमनीत ग्राफ्ट टाकणं योग्य तयारीने इथेही शक्य आहे. कमानीला मात्र एकाच छताखाली बरंच काही लागतं: उत्तम एक्स-रे यंत्र असलेलं ऑपरेशन थिएटर, निरनिराळ्या मापांचे ग्राफ्ट हाताशी, गरज पडली तर त्याच मिनिटाला छाती उघडू शकणारी टीम आणि हार्ट-लंग मशीन, पाय लुळे पडू नयेत म्हणून मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढू शकणारे भूलतज्ज्ञ, रात्री-अपरात्री मेंदूचा सीटी. माझ्या मते निवड करताना शहर पाहू नका. ज्या ठिकाणी दोन्ही प्रकारची ऑपरेशनं नियमित होतात तिथे जा, कारण ज्याला एकच येतं तो बहुधा तेच सुचवतो. वर्षाला कमानीच्या किती केसेस करता, माझ्या वडिलांत टोक नेमकं कुठे बसेल ते सीटीवर दाखवा, आणि टेबलवर बेत फसला तर पुढे काय कराल, हे विचारायला लाजू नका. चांगला सर्जन चिडत नाही, पडद्यावर दाखवतो.

खर्चात मोठा वाटा ग्राफ्टचाच, तो लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण नेमकं हे ऑपरेशन आणि हा ग्राफ्ट त्या रुग्णालयात बसतो का हे तिथल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी लेखी समजून घ्या. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आत्ताच काढून ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही समांतर करता येतो.

‘चार दिवसांत घरी’ हे खरं असू शकतं, पण घरी आल्यावर काम संपत नाही. ग्राफ्टच्या कडेने किंवा जोडातून रक्त पुन्हा फुग्यात शिरतंय का हे पाहायला महिन्याने, मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, आणि पुढे दरवर्षी सीटी लागतो. पहिली काही वर्षं पेशंट येतात, मग बरं वाटतं म्हणून येणं थांबतं, आणि गळती नेमकी अशा वेळीही होऊ शकते. वडिलांची किडनी पाहता सगळं स्थिर असेल तर मधल्या काही वेळा डाय न देता फक्त फुग्याचं माप घेता येईल. हे सीटी सोलापुरात होतात, त्यासाठी दरवेळी पुण्याला जायची गरज नाही.

आवाज परत येईल का? काहींचा येतो, त्यालाही महिने जातात. नस किती काळ दबलेली होती यावर ते आहे. नाही आला तर कान-नाक-घशाचे डॉक्टर छोट्या ऑपरेशनने कॉर्ड मध्ये सरकवून आवाज सुधारू शकतात. तोवर वडिलांना पाणी, चहा पिताना ठसका लागत असेल तर हनुवटी खाली करून छोटे घोट घ्यायला लावा, कारण श्वासनलिकेत गेलेल्या पाण्याने न्यूमोनिया झाला तर ऑपरेशन लांबतं.

तारीख मिळेपर्यंत रक्तदाब 130/80 च्या आत ठेवणं हे औषधाइतकंच घरच्यांचं काम आहे. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. बिडी आजच बंद, ‘ऑपरेशननंतर सोडतो’ नको. ते अजून कारखान्यात जात असतील तर मागावर बीम चढवायला हात लावायचा नाही. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून लागल्यास रेचक द्या. शेंगा चटणी आणि लोणचं काही आठवडे ताटाबाहेर, त्यातलं मीठ रक्तदाबाला परवडणारं नाही.

छातीत किंवा दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत अचानक फाटल्यासारखं दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडले किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर पुण्याच्या गाडीची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि सर्वांत जवळच्या, सीटी असलेल्या रुग्णालयात न्या. तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की कमानीत फुगा आहे. छातीत दुखतंय म्हणून हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं तर फुगा फुटलेला असताना ते जिवावर बेतू शकतं. सीटीच्या रिपोर्टचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा, आईच्यासुद्धा, कारण दिवसा घरी त्यांच्याबरोबर त्याच असतात.